डावा कान

संशोधनाच्या त्या जहाजावर तो विंच चालवायचा, म्हणून सगळे त्याला विंचू म्हणत. माणूस मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोलवरचं पाणी भरून आणायच्या बाटल्यांचा जड सांगाडा विंचच्या तारेवरून समुद्रात सोडायचा आणि वर घ्यायचा, हे त्याचं काम. वॉकीटॉकीवर 'थांब' ऐकू आलं की हात जागच्या जागी थांबला पाहिजे.

मेहुण्याला जहाजावर त्यानेच चिकटवलं होतं, कप्तानाच्या हातापाया पडून. खालच्या डेकवर दोघांना मिळून एक केबिन. एकावर एक दोन बिछाने, त्यांना पडदे, वळलं की गुडघ्याला लागणारं कपाट, आणि शेजारच्या केबिनबरोबर वाटून घेतलेलं बाथरूम. मेहुणा घोरायचा, ओले मोजे पाइपवर वाळत टाकायचा. विंचू खपवून घ्यायचा. बायकोचा एकुलता एक भाऊ.

तिथेच एकदा विंचूने मन मोकळं केलं होतं. "डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय रे. कुठे बोलू नकोस. ही सफर संपली की डॉक्टरला दाखवतो."

"माझ्या पोटात राहील, दाजी," मेहुणा म्हणाला.

तेव्हापासून तो जेवताना विंचूच्या डाव्या हाताला बसू लागला. त्या बाजूने कुणी काही विचारलं की तेच सहज, मोठ्याने पुन्हा बोलायचा. विंचूला भरून यायचं. फावल्या वेळात तो मेहुण्याला विंच शिकवू लागला.

एका सकाळी कप्तानाने बोलावलं. दार लावून तो विंचूच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. विंचू वाट बघत राहिला, कप्तान कधी बोलतोय याची.

"मी हळू आवाजात दोनदा विचारलं तुम्हाला," कप्तान समोर येत म्हणाला. "म्हणजे खरंच आहे. आजपासून विंच नाही. लाँड्रीत हातभार लावा."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्याच माणसाने. विंच मी सांभाळतो म्हणालाय."

विंचू जिना उतरून केबिनमध्ये आला. मेहुणा कपाटाच्या कडेला टेकून बूट बांधत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"मला आधी बोलला असतास तर मी आपणहून बाजूला झालो असतो."

"नसता झालात, दाजी. परवा सांगाडा डेकवर येताना मी त्याच्या खालीच उभा होतो. तुमच्या डावीकडून थांबा, थांबा म्हणून ओरडत होतो. डोक्याला घासून गेला."

विंचूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मग त्याच वेळी माझ्याशी भांडायचं होतंस," तो म्हणाला. "आणि माझी जागा मागितलीस, तीही डोकं वाचवायला?"

मेहुण्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली आणि तो कामावर निघून गेला.

संध्याकाळी केबिनबाहेरच्या बोळातल्या फोनवर बायको होती. "भाऊ बरा आहे ना? तुमच्या भरवशावर पाठवलाय त्याला."

"बरा आहे. विंच दिलीय त्याला."

"अगं बाई, इतक्यात? तुम्हीच शिकवलीत ना?"

"हो," विंचू म्हणाला. त्याने फोन ठेवला.

मग त्याने आपली गादी गुंडाळली आणि लाँड्रीत, चादरींच्या ढिगाजवळ नेऊन टाकली. मेहुणा दारापर्यंत मागे आला. "इथे कशाला, दाजी? मशीन रात्रभर चालतं."

"चालू दे," विंचू म्हणाला, आणि गादी सरळ करत राहिला.