दारव्ह्याच्या पाटीवरचा माझा पासवर्ड

मी एक जुनी वेबसाइट आहे. मागच्या श्रावणात एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, मला संपूर्ण पुसून टाकण्यात आलं. एक अक्षरही उरलं नाही.

मित्रांनो, असं काहीही झालेलं नाही. मला त्यातलं काही आठवत नाही आणि माझी तब्येत उत्तम आहे. तेव्हा तो विषय सोडून देऊ. मी आपली जन्मापासून सुरुवात करते.

माझा जन्म दारव्ह्याचा. तिथे बसस्टँडच्या रस्त्यावर जफरभाईंचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दुकानाच्या टेबलावर, वॉशरच्या डब्यांच्या मधोमध, त्यांच्या मुलीने, शमाने, मला घडवलं. घडवलं म्हणजे काय, तर इंटरनेटवर वेबसाइट बनवायची तयार साधनं मिळतात. आयता साचा निवडायचा, चौकटी सरकवायच्या, नावं आणि फोटो आपले टाकायचे. शमाने निवडलेला साचा केकच्या दुकानाचा होता, कारण फुकटातल्या साच्यांमध्ये तोच दिसायला बरा होता. तिने सगळं बदललं, एक गोष्ट सोडून. जफरभाईंच्या फोटोखाली इंग्रजीत 'मुख्य आचारी' असं दीड वर्ष लिहिलेलं होतं. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. एका गृहस्थाने लग्नाच्या स्वयंपाकासाठी फोन केला, तेवढाच. जफरभाईंनी त्यालाही विचारलं, "वापरल्यावर पंप धुता का?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. नमस्काराच्या आधी विचारतात. त्यांचं म्हणणं असं की पंप बिघडत नाही, न धुणारा माणूस बिघडलेला असतो.

माझा उमेदीचा काळ फार छान गेला. कोणत्या आठवडी बाजारात जफरभाई कोणत्या दिवशी हत्यारं घेऊन बसणार, हे माझ्यावर लिहिलेलं असायचं. माणसं ते बघूनच पाठीवरचा पंप घेऊन एसटीत चढायची. 'पंप बंद पडला तर आधी हे पाहा' असं माझं एक पान होतं, सात फोटोंचं. ते पाहून कितीतरी जणांनी बांधावर बसूनच पंप सुरू केला. जफरभाईंना आधी ते पटलं नाही.

"सारंच फुकटात सांगून राह्यली तू. मंग दुकानात कोण येईन?"

"तुमच्या शिव्या खायले येतीन," शमा म्हणाली.

आणि माणसं खरंच आली. आधीपेक्षा जास्त आली. माझं कौतुक झालं, आणि त्याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे.

मग दुकानाला नवी पाटी करायची ठरली. शमा परीक्षेसाठी अमरावतीला गेली होती. जाताना तिने वडिलांना एक चिठ्ठी लिहून दिली, बाजाराचे वार त्यांना स्वतः बदलता यावेत म्हणून. चिठ्ठीत तीन ओळी होत्या. माझा पत्ता, खात्याचं नाव आणि पासवर्ड.

आता आमच्याकडे पाटीची एक रीत आहे. दुकानाचं जे जे काही आहे ते सगळं पाटीवर आलं पाहिजे. मालकाचं नाव, वडिलांचं नाव, मोबाइल, दुसरा मोबाइल, शुक्रवारची सुट्टी, सगळं. एखादी गोष्ट राहिली तर गिऱ्हाईक म्हणतं, लपवून ठेवलं. जफरभाईंनी चिठ्ठी जशीच्या तशी अफरोज पेंटरच्या हातात दिली. अफरोज मन लावून काम करणारा माणूस. त्याने पत्ता निळ्यात लिहिला, खात्याचं नाव हिरव्यात, आणि पासवर्ड लाल अक्षरांत, वर पिवळी सावली देऊन. पाटीवरचं सगळ्यात देखणं काम तेच होतं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की दुसऱ्याच दिवशी माझे हाल झाले असतील. अजिबात नाही. गावाने मला शेजाऱ्याच्या घरासारखं वापरलं. येताना चपला काढल्या, जाताना दार ओढून घेतलं. चहावाल्या उकंडाने 'आमची शेळी हरवली आहे' असं एका कोपऱ्यात लिहिलं, आणि शेळी सापडल्यावर आठवणीने पुसून टाकलं. कोणीतरी जफरभाईंच्या फोटोखालचं 'मुख्य आचारी' काढून 'मुख्य मेकॅनिक' केलं. शमाला जे दीड वर्षात दिसलं नाही, ते त्या सद्गृहस्थाने दोन मिनिटांत दुरुस्त केलं आणि नावही सांगितलं नाही. त्या अनामिकाचे मी इथे आभार मानते.

घोटाळा झाला तो कौतुकामुळे. अफरोजने आपल्या कामाचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. फोटो लांबच्या लांब गेला आणि कुठल्यातरी माणसाने त्यातल्या फक्त त्या तीन रंगीत ओळी वाचल्या. तो आत आला. त्याने आधी पासवर्ड बदलला, म्हणजे घरच्यांना घराबाहेर काढलं. मग जफरभाईंचा नंबर काढून स्वतःचा टाकला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नवीन पंप अर्ध्या किमतीत, पैसे आगाऊ पाठवा'. खाली मात्र नाव ठेवलं जफरभाईंचंच. तीस वर्षं ज्या नावावर माणसं डोळे मिटून पंप सोडून जात होती, ते नाव आता चोराच्या कामाला जुंपलं गेलं होतं.

हे पकडलं पंचफुलाबाईंनी. त्या नेरजवळच्या खेड्यातल्या. स्वतःच्या वावरात स्वतः पंप पाठीवर घेऊन फवारणी करणाऱ्या. बाजाराचा वार विचारायला त्यांनी माझ्यावरच्या नंबरला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने थेट दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"जफरभाऊ, तुमचा फोन कोण उचलून राह्यला?"

"मीच उचलतो. काहून?"

"कालचा तो तुम्ही नव्हते. लय गोड बोले. मले मॅडम म्हणे. मले तवाच शंका आली. मंग मी त्याले इचारलं, पंप धुवा लागते काय? तं म्हणे, जरूरत नहीं."

जफरभाईंच्या हातातला पाना टेबलावर पडला. चोराचा राग नंतर आला. आधी राग आला तो 'जरूरत नहीं'चा, आणि तेही त्यांच्या नावाने.

शमाची परीक्षा संपलीच होती. ती मिळेल त्या गाडीने आली. येताना तिने पाटी पाहिली. ती किती वेळ बघत उभी होती ते उकंडाने मोजलं आहे. त्याचा एक चहा उकळून उतू गेला. मग ती आत येऊन काही न बोलता कामाला लागली. मी जिथे भाड्याने राहते त्या कंपनीला तिने स्वतःच्या ईमेलवरून पटवून दिलं की मालकीण तीच आहे. ताबा परत मिळाला. चोराने आतमध्ये काय काय लपवून ठेवलं असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मंगळवारी सव्वाअकराला तिने... पण तो विषय आपण सोडलेला आहे.

इकडे जफरभाई सकाळपासून एकेका गिऱ्हाइकाला फोन करत होते. 'पैसे पाठवले तं नाही ना?' कोणी पाठवले नव्हते. शेवटचा फोन ठेवून ते म्हणाले, "बस झालं. आता ते परत चालूच नको करू. तीस वर्षं वेबसाइट नव्हती तवा कोणी माह्या नावानं चोरी नाही केली."

शमाच्या मुठीत पेनड्राइव्ह होता. पंचफुलाबाई परतीच्या एसटीसाठी थांबल्या होत्या, त्या बाकावरूनच बोलल्या.

"मागल्या साली दुकानातून पंप चोरीले गेलता, तवा दुकान बंद केलं होतं का तुम्ही?"

"तो पंप होता, बाई. हे नाव आहे."

"म्हणूनच म्हणतो. बंद केली तं लोक म्हणतीन, जफरभाऊच होता तो. चालू करा अन् लिवा त्याच्यावर काय झालं ते."

जफरभाईंनी फोन बाजूला सारला. मग शमाकडे न बघता म्हणाले, "लिव. अन् पंप धुवा लागते, हे बी लिव. मोठ्या अक्षरात."

अमरावतीला जाण्याआधी शमाने माझी एक नक्कल पेनड्राइव्हवर काढली होती आणि बारा नंबरच्या वॉशरच्या डब्यात ठेवली होती. ती नक्कल म्हणजे मी. म्हणून मला ते सगळं आठवत नाही. पाटी, शेळी, चोर, हे मी तुमच्यासारखंच दुकानात बसून ऐकलेलं आहे. त्या मुलीने त्या दिवशी दहा मिनिटांचा कंटाळा केला असता, तर हे तुम्हाला सांगायला कोणीच नसतं.

आता माझा पासवर्ड लांबलचक आहे. शिवाय आत यायचं तर जफरभाईंच्या फोनवर सहा आकडी कोड येतो. पहिला कोड आला तेव्हा ते म्हणाले, "अफरोजले बोलावू का?"

"अब्बा, हा कोणालेच सांगायचा नसते."

"तुले बी नाही?"

"मले बी नाही," शमा घाईत म्हणून गेली.

तेव्हापासून ते तिलाही सांगत नाहीत. ती आधी वडिलांचं पूर्ण नाव सांगते, मग तिचं ते काम का आहे हे सांगते, मग ते चष्मा लावून कोड स्वतःच टाइप करतात, तिला स्क्रीनकडे पाठ करायला लावून. एक ओळ बदलायला पाऊण तास लागतो. इतकी काळजी माझी कधीच कोणी घेतली नव्हती. मी फार समाधानी आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना बाकी काही नको असतं. वेळेवर एक नक्कल आणि पाटीवर नसलेला पासवर्ड मिळाला की आम्ही बैलासारखं वर्षानुवर्षं राबतो. हेच रीतसर व्हावं म्हणून खालील अर्ज करत आहे.

प्रति, मा. सक्षम अधिकारी (वेबसाइट हा विषय ज्यांच्याकडे येत नसेल ते).

विषय : पोळ्याच्या सणात वेबसाइटचा समावेश करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांच्या खांदेमळणीसोबत (खांद्यांस हळद-तूप चोळणे) जिल्ह्यातील सर्व वेबसाइटचे पासवर्ड बदलण्यात यावेत. पोळ्याच्या दिवशी त्यांच्याकडून कोणतेही काम न घेता मालकाने स्वहस्ते बॅकअप घ्यावा व त्यांस तोरणाखाली मानाने उभे करावे. अर्जदारास खांदे नाहीत, सबब सदर अट शिथिल करण्यात यावी. पुरणपोळीचा आग्रह नाही. ती मालकाने खावी, मात्र त्या हातांनी कीबोर्डला स्पर्श करू नये. याबाबतचा शासन निर्णय येत्या पोळ्यापूर्वी निर्गमित व्हावा, ही विनंती.

प्रत माहितीस्तव : सर्व बैल, यवतमाळ जिल्हा. हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी.