तिच्या वाट्याचा सूर

प्राणिसंग्रहालयात सगळे त्याला मामा म्हणत. गिबन म्हणजे लांब हातांच्या माकडांची एक जोडी एकवीस वर्षं त्याच्या देखभालीत होती. रोज सकाळी दोघं मिळून गात. नर दोन-चार हुंकार देई, मग मादीचा आवाज चढत चढत टिपेला जाई आणि नर त्यात आपला आवाज मिसळी.

मादी न्यूमोनियाने गेली. दुसऱ्या दिवशी नराने एकट्यानेच सुरुवात केली, तिच्या वाट्याची जागा मोकळी सोडली, वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. आठवडाभर हेच. मामाला ते ऐकवेना.

हे जोडीनं गातात तरी कशाला, असं त्याने तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. ही जागा आमची आहे, असं शेजाऱ्यांना बजावायला आणि आपण अजून एकत्र आहोत हे एकमेकांना कळवायला, असं जाणकार मानतात, असं त्या म्हणाल्या. पण पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी मादीच्या आवाजाचं जुनं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. नर स्पीकरपाशी धावला, त्याने मागे हात घालून चाचपलं, पिंजऱ्याचा कोपरान् कोपरा धुंडाळला. चौथ्या दिवशी त्याने तिकडे पाठ फिरवली. मामाने कुणाला न विचारता वायर उपटली.

मग नवी मादी आली. चांगली तरणीताठी होती, पण तिचं गाणं निराळं. तो थांबे तिथे ती गप्प, तो गाऊ लागला की ही मध्येच. महिनाभरात दोघंही मुकी झाली.

एका सकाळी मामाने लाज गुंडाळून ठेवली आणि जाळीपाशी उभं राहून मेलेल्या मादीचा सूर आपल्या फाटक्या गळ्याने काढला. सोबतचे कामगार पोट धरून हसले. नर खाली उतरला. जाळीतून हात काढून त्याने मामाच्या ओठांवर बोटं ठेवली, तोंडात डोकावून पाहिलं आणि पुन्हा वर जाऊन बसला.

"बाई, आजारी आहे का हो तो?" मामाने विचारलं.

"नाही मामा. सगळं तपासलं. छाती, रक्त, काही बिघडलेलं नाही."

"मग औषध?"

"देण्यासारखं काही नाही."

पुढे कधीतरी मामाने स्क्रूड्रायव्हर आणून पिंजऱ्यावरची 'गाणं सकाळी आठ वाजता' ही पाटी काढून ठेवली.