रिकामी पेटी

चाचणीच्या मेलची पेटी रिकामी होती. विनीताने ती पुन्हा उघडून पाहिली.

नांदेडच्या त्या ऑफिसात लातूरच्या एका कोचिंग क्लासचं सॉफ्टवेअर तयार होत होतं. चाचणीसाठी ऑफिसचे मालक रेणुकादास यांनी खऱ्या पालकांची माहिती भरायला लावली होती. खोट्या नावांना वजन नसतं, असं त्यांचं मत. म्हणून विनीताने बांध घातला होता: चाचणीतला कुठलाही मेल बाहेर जाणार नाही, ऑफिसातल्या एकाच पेटीत पडेल. सकाळी क्लासच्या मालकाच्या मोबाईलवर मेल वाजवून दाखवायचा म्हणून रेणुकादासांनी बांध काढला. मेल वाजला, चहा झाला. बांध घालायचं राहिलं.

दुपारी विनीताने 'प्रवेश रद्द' हा मेल सगळ्यांना पाठवून पाहिला. मजकूर तिचाच. खरा वाटावा म्हणून तिने 'पाल्यास तात्काळ घेऊन जावे' हेही जोडलं होतं.

तासाभराने पेटी उघडली तेव्हा कुठे तिला कळलं, आणि तिने सर्व्हर बंद केला. तोवर व्हायचं ते झालं होतं.

शहरातल्या पालकांची फारशी काळजी नव्हती. ते मेल उघडत नाहीत. पण गावाकडे बहुतेकांचा मेल म्हणजे ज्याच्या दुकानात फॉर्म भरला त्याचाच मेल, आणि तो मात्र उघडतो. इस्लापूरच्या ऑनलाइन सेंटरवाल्या शिवशंकरने मेल छापून घरोघर पोचवले होते. सेवेत कसूर नाही. विनीताने फोनवर खुलासा केल्यावर तो बाकीच्यांकडे पुन्हा धावायला तयार झाला. फक्त एक पालक, शेषेराव, लातूरला निघून गेले होते. मुलगी तनुजा लातुरात शिकायला ठेवली, हेच त्यांच्या थोरल्या भावाला, अण्णारावांना, पसंत नव्हतं. मेल आल्याचं कळताच अण्णारावांनी सांगितलं होतं, पोरीला सामानासकट आण, स्थळ तयार आहे. शेषेरावांचा फोन लागत नव्हता. लातूरची गाडी मात्र त्यांना नांदेडलाच बदलावी लागणार होती.

विनीता स्टँडकडे ऑटोने निघाली. वाटेत रेणुकादासांचा फोन आला. सर्व्हर हॅक झाला म्हणून सांग, असा त्यांचा सल्ला; हॅकरला कोणी जाब विचारत नाही. शिवाय चूक कबूल केली तर उद्यापासून येऊ नकोस, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

शिवशंकरने ओळखायची खूण पांढरी टोपी सांगितली होती. फलाटावर निम्मी डोकी पांढऱ्या टोपीत होती. शेवटी तिने नाव घेऊन हाका मारल्या. लातूरच्या गाडीच्या दाराशी एक माणूस वळला.

"काका, तो मेल खोटा आहे. मशीन तपासायला पाठवला होता."

"माझ्या पोरीचं नाव घालून तपासून राहिले?"

कंडक्टर तिकिटं फाडत होता.

शेषेरावांनी फोन लावून तिच्या हातात दिला. "मला सांगून काय व्हतंय? दादाला सांगा."

अण्णारावांनी कोण, कुठली, सगळं विचारून घेतलं. विनीताने सर्व्हर हॅक झाल्याचं सांगितलं.

"म्हंजे चोर घुसला?"

"तसंच काहीसं."

"मंग जिथं चोर घुसतेत तिथं पोरगी ठिवायची कशी? न्हाई, आनू द्या तिला."

शेषेराव मान खाली घालून ऐकत होते. ड्रायव्हर चढला.

"चोर नव्हता," विनीता म्हणाली. "बटण मी दाबलं. मेल बाहेर जातोय का, ते आधी बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही."

"आत्ता तर चोर म्हनलीस."

"साहेबांनी तसं सांगायला लावलं."

"मंग खरं काहून सांगून राहिलीस? नोकरी जाईल ना."

"जाईल बहुतेक."

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"नोकरी घालवून कोनी खोटं बोलत न्हाई. शेषाला दे."

शेषेरावांनी ऐकून घेतलं, मान हलवत दोनदा 'हाव, हाव' म्हटलं आणि फोन खिशात टाकला. तरीही ते लातूरच्याच गाडीत चढायला लागले. विनीता दाराशी पुढे झाली.

"काका, आता कशाला?"

"निघतानाच तनुजाला फोनवर सामान बांध म्हनलो होतो. रडत बांधलं असंल." त्यांनी दांडा धरला. "बांधलेलं सोडायला नको का?"

गाडी हलली. विनीताच्या हातात फोन वाजत होता. रेणुकादास होते. तिने घेतला.