अठ्ठ्याहत्तर किलो गूळ

नीलकंठचं वजन उतरू लागलं तेव्हा सगळ्यात आधी खूश झाली ती त्याची बायको श्रद्धा, मग त्याचा सायकलवाल्यांचा गट, पण त्याच्या आईला ते जमेना. माणूस बारीक झाल्याचा आनंद मानायचा, ही गोष्टच सरोजिनीबाईंना एकोणऐंशीव्या वर्षी नवी होती. त्यांच्या तरुणपणी राइट टाउन वस्तीतल्या मराठी घरांत कुणी सुकलेलं दिसलं की 'बरं नाही का?' असं विचारत. सायकल तर तेव्हा सगळेच चालवत. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर नुसत्या सायकली. त्यांचे यजमान चिंतामणराव त्याच लोंढ्यात असत, हँडलला डबा अडकवून. वजन कमी करायला सायकल चालवतो असं त्यातल्या कुणी म्हटलं असतं, तर बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण काळ बदलला होता, आणि नीलकंठ नव्वद किलोंचा झाला होता हेही खरंच. दसऱ्याला त्याने जाहीर केलं, "आजपासून डायट. चिन्मयीच्या लग्नात मी नवरदेवाच्या बापापेक्षा फिट दिसलो पाहिजे." चिन्मयी त्याची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरी करणारी. लग्न वैशाखात ठरलेलं. दुसऱ्या दिवसापासून भात गेला, साखर गेली, पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आली, तीही एकच. मूग, दुधी, काकडी. संध्याकाळी सातनंतर पाणी सोडून काही नाही. पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून तो निघे. रोज सदर बाजारापर्यंत, आणि रविवारी गटाबरोबर थेट भेडाघाट.

दर रविवारी आंघोळीनंतर तो न्हाणीघराशेजारच्या इलेक्ट्रिक काट्यावर उभा राही आणि आतूनच आकडा सांगे. "पंच्याऐंशी!" "ब्याऐंशी!" श्रद्धा तो आकडा लगेच फोनवरून लेकीला कळवी.

सरोजिनीबाई ऐकत आणि वाती वळत. त्यांना दिसत होतं ते आकड्यात बसत नव्हतं. लग्नातली अंगठी नीलूने मधल्या बोटात घातली होती. घरातही तो पूर्ण बाह्यांचं जाकीट घालून बसे, थंडी नसली तरी. एकदा तो वाकून बूट बांधत होता, तेव्हा मानेमागची हाडं त्यांना एकेक करून मोजता आली असती.

"श्रद्धा, फार नाही ना होत हे?" त्यांनी विचारलं.

"आई, अहो लोक हजारो रुपये देतात याच्यासाठी. तुम्ही काहून काळजी करून राहिल्या? डॉक्टरसुद्धा हेच सांगतात."

"कोणत्या डॉक्टरने सांगितलं?"

"म्हणजे, सगळेच सांगतात ना."

माघात नर्मदा जयंती आली. या घरात त्या दिवशी नीलकंठची गुळाची तुला होत असे. तो पाच वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला होता. घसा बंद होत चाललेला, आणि चिंतामणराव रात्रपाळीला. सरोजिनीबाईंनी तेव्हा नर्मदामाईला नवस बोलला होता: पोर वाचलं तर त्याच्या भारंभार गूळ दरवर्षी तुझ्या काठी वाटीन, माझे पाय घाटाच्या पायऱ्या उतरतील तोवर. पोर वाचलं. तेव्हा चौदा किलो गूळ लागला होता. पन्नास वर्षं हे चालू होतं, आणि कोणत्या सालचा गूळ किती हे त्यांना विचारलं तर त्या न अडखळता सांगत.

या वर्षी नीलकंठने आदल्या रविवारचा आकडा सांगितला होता, अठ्ठ्याहत्तर. करेलीहून तेवढाच गूळ आणवला. पाच-पाच किलोंच्या भेल्या, म्हणजे ढेपा, पंधरा, आणि वर एकेका किलोच्या तीन.

ग्वारीघाटावर लाकडाच्या वखारीतल्या टालवाल्याचा मोठा तराजू नेहमीसारखा टांगला होता. एका पारड्यात नीलकंठ मांडी घालून बसला. गटातला अनिमेष भेल्या रचायला पुढे झाला होता. पंधरा मोठ्या ठेवल्या, मग तीन लहान, तोवर टालवाल्याने दांडी धरून ठेवली होती; मग ती सोडली. गुळाचं पारडं धप्पकन जमिनीला टेकलं आणि नीलकंठ वर गेला. तो तिथेच लटकत राहिला, खाली यायचं नाव नाही.

"अरे वाह भैया!" अनिमेषने टाळी वाजवली. "गुड़ हार गया!"

लोक हसले. अनिमेषने एक किलो काढला, दुसरा काढला. पारडं हललं नाही. मग एक मोठी भेली काढली, तेव्हा कुठे दोन्ही पारडी हळूहळू एका रेषेत आली. सात किलो बाहेर. एकाहत्तर.

"सांगितलं त्याच्याहून सात कमी!" श्रद्धा कौतुकाने म्हणाली. "अहो, तुम्ही तर छुपे रुस्तम निघाले!"

"घरचा काटा बिघडला असेल," नीलकंठ म्हणाला. तो हसला, पण आईकडे त्याने पाहिलं नाही.

सरोजिनीबाईंनी रीतसर आरती केली, परिक्रमावासींना गूळ वाटला. मात्र उरलेली पाच किलोंची भेली त्यांनी पिशवीत घालून घरी आणली. दुपारी सगळे लवंडले तेव्हा त्या ती भेली छातीशी धरून न्हाणीघरापाशी गेल्या आणि त्यांनी ती काट्यावर ठेवली. आकडे क्षणभर फिरले आणि थांबले. बरोबर पाच.

काटा चांगला होता. पथ्यावरचा माणूस चोरून खातो आणि वजन कमी सांगतो, एवढं त्यांना कळत होतं. आपलं उतरलेलं वजन कुणी लपवतं का?

नीलकंठ मागच्या व्हरांड्यात सायकल उलटी करून साखळी पुसत होता. सरोजिनीबाई वेताच्या मोढ्यावर बसल्या.

"नीलू, काटा ठीक आहे. मी भेली ठेवून पाहिली."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"कधीपासून खोटा आकडा सांगून राहिलास?"

"दिवाळीपासून."

"इतकं उपाशी राहावं का रे, की..."

"खातो ना!" तो एकदम म्हणाला. मग आवाज खाली आणला. "आई, डिसेंबरनंतर मी भेडाघाटला गेलोच नाही. मेडिकल कॉलेजच्या पुढच्या चढावर दम लागला, गटातल्यांना म्हटलं गुडघा दुखून राहिला. आता रोज सदरमध्ये जाऊन बसतो. खोव्याची जलेबी खातो. दोन, कधी चार. दूध पितो. वाटतं, वजन थोडं तरी थांबेल. थांबत नाही."

"आणि हे डायट?"

"पँट श्रावणातच सैल व्हायला लागली होती. डायट दसऱ्याला सुरू केलं. लोकांनी विचारलं असतं ना, काहून बारीक झाला? आता कोणी विचारत नाही. शाबासकी देतात."

"डॉक्टरला दाखवलं?"

"वैशाखानंतर दाखवीन. चिन्मयीचं कार्य होऊन जाऊ दे."

"नीलू!"

"आई, तूच तर असं केलं होतंस."

ते वाक्य त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला.

सव्वीस वर्षांपूर्वी चिंतामणरावही असेच बारीक होत गेले होते. तपासणीचा कागद आला तेव्हा नीलकंठच्या धाकट्या बहिणीच्या, रश्मीच्या लग्नाला दोन महिने होते. सरोजिनीबाईंनी तो कागद पातळांच्या घडीखाली ठेवला, आणि नवराबायको दोघांनी ठरवलं की कार्य निर्विघ्न पार पडू दे. त्या पिढीत सगळ्या घरांत असंच करत. काकांच्या मृत्यूची तार मांडवात लपवलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती, आणि सगळ्यांनी ती लपवणाऱ्याचं शहाणपण वाखाणलेलंही ऐकलं होतं. रश्मीचं लग्न थाटात झालं. चिंतामणरावांनी कन्यादान केलं, कोट पिना लावून आत घेतला होता. नंतर नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावरची तारीख पाहिली आणि विचारलं, दोन महिने कुठे होता तुम्ही? पावसाळ्यात ते गेले.

"तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो," नीलकंठ म्हणाला. "पण रश्मीचं लग्न तर हसत झालं ना? फोटोत सगळे हसून राहिले. चिन्मयीलाही तेवढं मिळू दे. आणि काही नसेलही, आई. तीन महिने तर आहेत. तू फक्त गप्प रहा."

सरोजिनीबाईंना ते फोटो आठवले. अल्बम त्यांनी कित्येक वर्षं उघडला नव्हता. त्यात सगळे खरंच हसत होते, फक्त दोघं सोडून. त्या दोघांना पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटे, लेक सासरी चालली म्हणून चेहरे उतरलेत.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नाला त्यांनी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आजही दिलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून श्रद्धाचं बोलणं ऐकू येत होतं, फोनवर, खूप आनंदात.

"श्रद्धा!" सरोजिनीबाईंनी हाक मारली.

नीलकंठने त्यांचं मनगट धरलं. त्या पकडीत जोर नव्हता. पंचावन्न वर्षांच्या मुलाचा हात एकोणऐंशीच्या आईला सहज सोडवता आला.

श्रद्धा फोन हातात घेऊनच आली. "काय झालं? चिन्मयी आहे फोनवर, शालूचा रंग विचारून राहिली."

"बस इथे."

"आई, नको," नीलकंठ म्हणाला.

"नीलूच्या वजनाचं बोलायचं आहे."

"अजून?" श्रद्धा हसली. "सकाळपासून सगळा घाट तेच बोलून राहिला!" मग तिने दोघांकडे पाहिलं, आणि पायरीवर बसली.

"तो पथ्यानं बारीक झालेला नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. आवाज, पूर्वी शाळेत शिकवत तेव्हासारखा, स्पष्ट निघाला. "श्रावणापासून आपोआप वाळून राहिला आहे. खातो, तरी वाळतो. त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं. तेव्हा मी लग्नासाठी गप्प बसले. उद्या सकाळी आपण तिघं डॉक्टरकडे जाऊ."

श्रद्धाने नवऱ्याकडे पाहिलं. तो उलट्या सायकलकडे पाहत होता. तिचा हात मांडीवर पडला, फोन तसाच चालू.

"हॅलो?" फोनमधून चिन्मयीचा आवाज येत होता. "आई? आजी क्या बोल रही है? हॅलो? बाबांना काय झालं?"