पट्टी तळाशी गेलीच कशी?

बाराव्यांदाही पट्टी अडकली, आणि तिने वहीत ते नोंदवायला पेन उघडलं.

दोन वीत खोल काचेच्या टाकीत ग्लुकोजचा घट्ट पाक होता आणि पाकावर सिलिकॉनच्या दोन पट्ट्या. एक टाकीच्या भिंतीला पक्की बसवलेली, तो खंड. दुसरी लोखंडाची भुकटी मिसळून जड केलेली, तो समुद्राचा तळ. जड पट्टीचं टोक बोटाने दाबून खंडाखाली बुडवलं की पुढचं वजन मागच्या पट्टीला ओढत खाली नेतं. पृथ्वीला याला कोट्यवधी वर्षं लागतात, टाकीत एक दिवस पुरतो. तिने या जड पट्टीवर हलक्या सिलिकॉनची जाड चकती बसवली होती. समुद्राच्या तळावर लाव्हा साचून अशीच अवाढव्य पठारं तयार होतात. ती खंडाच्या काठाशी पोचली की पुढे काय होतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय.

आणि दर वेळी व्हायचं एकच. चकती काठाशी यायची आणि सगळं ठप्प.

"अडकतं, हे जगाला आधीच माहीत आहे," तिच्या मार्गदर्शक मॅडम काल म्हणाल्या होत्या. "शेवटची एक संधी घे. उद्या दोन वाजता टाकी ज्वालामुखीवर प्रयोग करणाऱ्या ताईकडे जाणार. जमलं नाही तर विषय बदलायचा."

पण तिच्या मनाला ते पटत नव्हतं. जुनी पठारं आज खंडांच्या काठाला चिकटलेली सापडतात, आणि त्यांच्या मागचा समुद्रतळ कधीच पृथ्वीच्या पोटात गडप झालेला असतो. तो गेला कसा?

दोनच्या आत टाकी साफ करायची म्हणून आज सकाळी साडेदहालाच प्रयोगशाळेचे मिस्त्रीकाका बादली आणि खरवडणी घेऊन डोकावले.

"झालं का? दिवे घालवू?"

"घालवा. अडकली."

"अडकली म्हणे! तळाला चिकटलेली पट्टी खरवडून माझं मनगट निखळायची वेळ आली, ते नाही लिहिलंस कधी वहीत."

तिचं पेन थांबलं. "तळाला?"

"मग कुठे? संध्याकाळी मी येतो तेव्हा तळाशीच लोळत असते. चकती तेवढी वर राहते, भिंतीकडच्या पट्टीला अशी घट्ट, की दोन्ही हातांनी उपटावी लागते."

"काका, मी जाते तेव्हा पट्टी वर असते!"

"तू जातेस कधी?"

"अडकली की लगेच. कॅमेरा बंद करते आणि..."

अकरा वेळा! अकरा वेळा तिने मध्यंतरातच पडदा पाडला होता.

"दिव्यांना हात लावू नका," ती ओरडलीच. "कॅमेऱ्यालाही!"

बारा वाजले. काही नाही. एक वाजला. डबा तसाच राहिला. काकांनी बादली उलटी करून तिच्यावर बैठक मारली. दोनच्या ठोक्याला ज्वालामुखीवाली ताई लाल पाकाची बरणी कवटाळून हजर.

"चल, आवर. माझा लाव्हा निवतोय."

"ताई, एक तास. फक्त एक."

"तुझा तास मला माहीत आहे."

"बरणी ठेव आणि इकडे बघ," काका म्हणाले. "रेघ वाकली."

खरंच वाकली होती. जिथून पट्टी खाली वळत होती, ती काठाची सरळ रेघ दोन्ही बाजूंना मागे सरकली होती. मध्ये चकतीने तिला धरून ठेवलं होतं, त्यामुळे तिची कमान झाली होती. खाली लोंबकळणारं वजन ओढायचं थांबलंच नव्हतं! चकतीच्या पुढच्या कडेखाली केसाएवढी फट चकाकली.

"सुटतेय," ती पुटपुटली. "काका, सुटतेय!"

"अगं, मग श्वास घे की!"

फट बोटभर झाली. चकती खंडाला चिकटून वरच राहिली आणि तिच्याखालून समुद्राचा तळ निसटला, आधी हळू, मग भराभर. चकतीच्या मागे नवी रेघ उमटली. तिथूनही पट्टी वळून खाली निघाली. ताई बरणी विसरून टाकीला नाक लावून बसली होती.

"मॅडमना बोलवा कुणीतरी!" म्हणत ताईच धावली.

मॅडम आल्या तेव्हा पट्टीची शेपटी बुडत होती. त्या वाकल्या, चष्मा कपाळावर ढकलला, आणि काठाला चिकटलेली चकती न्याहाळली.

"आधीच्या अकरा वेळाही असंच झालं होतं?"

"मी पाहिलं नाही, मॅडम. काकांनी पाहिलंय. रोज."

मॅडम काकांकडे वळल्या. "चकती दर वेळी त्याच जागी असायची?"

"दर वेळी. डोळे मिटून उपटली असती."

"विषय बदलायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "आणखी दहा वेळा करायचं, शेवटपर्यंत. ज्वालामुखी, तुला टाकी पुढच्या महिन्यात."

"चालेल," ताई म्हणाली. तिची नजर अजून टाकीतच होती. "पुढच्या वेळी मलाही बोलवा."

काकांनी सवयीने बाही वर केली आणि खरवडणी उचलली.

"काका, थांबा!" तिने त्यांचा हात धरला. "आधी खालून फोटो. आजपासून मी खरवडणार, तुम्ही नुसतं सांगायचं, काय कुठे सापडायचं ते."