मीठ लावलेला कांदा

महिपत मास्तरांचा राग त्या दिवशी सकाळपासून जागा शोधत होता. आधी तो वस्तऱ्यावर निघाला, मग न सापडणाऱ्या टोपीवर आणि शेवटी नेहमीच्या ठिकाणी, म्हणजे बायकोवर, चिमावर.

"शाळेत न्यायला एक कांदा दे, चार फोडी करून," ते ओरडले. कांदा कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. सकाळच्या घाईत त्या घरात एवढंच बोलणं व्हायचं.

रागाला कारण होतं. मुंबईत डॉक्टर झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं शाळेला सूक्ष्मदर्शक यंत्र पाठवलं होतं. लखलखीत पितळेचं, मखमल लावलेल्या पेटीतलं. अट एकच: जीवशास्त्राचा वर्ग काढणार असाल तर ठेवा, नाहीतर परत पाठवा. वर्ग काढायचा की नाही, हे ठरवणार शाळेच्या मंडळाचे आप्पा. 'बघू बघू' करत आप्पांनी अख्खी दिवाळी घालवली होती, आणि आज ते एकदाचे बघायला येणार होते. त्यांना पटलं तर यंत्र राहणार, नाहीतर संध्याकाळच्या आगबोटीनं मुंबईला परत. नोकरीला लागल्यापासून मास्तर फळ्यावर खडूनं पेशी काढत आले होते. यंत्र येईपर्यंत खरी पेशी त्यांनीसुद्धा पाहिली नव्हती. परवा लाल कांद्याची पातळ साल काचेवर ठेवून पाहिली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आता ते यंत्र हातचं जाईल या भीतीनं ते सगळ्यांवर खेकसत होते.

आप्पा आले ते गुडघा चोळतच. मास्तरांनी कपाटातल्या बाटल्या दाखवल्या. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत सापडलेला तारामासा, खेकडा, समुद्रातलं शेवाळ.

"हे सगळं पेशींचं बनलेलं, आप्पा. मज्जातंतूची पेशी दोऱ्यासारखी लांब, स्नायूची आखडणारी, रक्तातली गोल. जसं काम तसा घाट."

"मग माझ्या गुडघ्यातल्या संपावर गेल्या असतील."

मास्तर हसले नाहीत. "झाडाच्या पेशीला बाहेरून भिंत असते आणि भिंतीच्या आत पातळ पडदा. प्राण्याच्या पेशीला भिंत नाही, नुसता पडदा. झाडं एकीकडे आणि प्राणी एकीकडे करताना ही मोठी खूण."

"म्हणजे माडाला भिंत आणि मला नुसता पडदा? बरं, दाखवा तर खरं."

मास्तरांनी केळीच्या पानाची पुडी सोडली. फोडींना पाणी सुटलं होतं, म्हणून वेगळा थेंब न घालता त्यांनी गुलाबी साल तशीच काचेवर पसरली. आप्पा वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"विटा दिसतायत ओ. ही तुमची भिंत. पण प्रत्येक विटेत हा गुलाबी गोळा कसला? भिंतीपासून सुटून मधेच पडलाय."

मास्तरांनी घाईनं डोळा लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परवा गुलाबी रंग विटेत काठोकाठ भरलेला होता. पुस्तकातल्या चित्रातही तसाच होता. हे काहीतरी भलतंच होतं.

"बिघडलंय हे," ते पुटपुटले. "कांदा नासका असेल. असं दिसायला नको."

"आणि तुमचा पडदा?"

"तो भिंतीला आतून चिकटलेला असतो. वेगळा दिसत नाही."

"दिसतच नाय?" आप्पा सरळ झाले. "मास्तर, न दिसणारं मानायला आमचं देऊळ आहे. शाळेत दिसेल तेवढं शिकवा." मग त्यांनी शिपायाला हाक मारली. "धाकू, संध्याकाळी पेटी बंदरावर पोचती कर."

पेटी मी स्वतः बांधून देतो, असं सांगून मास्तर ती घरी घेऊन आले. उंबऱ्यातच त्यांनी तोंड सोडलं. "नासका कांदा दिलास मला! सगळ्यांसमोर माझी शोभा झाली!"

"नासका? काहीतरीच. सकाळी पाटीतला निवडून घेतला मी," चिमा म्हणाली. "आणि मीठसुद्धा चोळलं फोडींना. कच्चा कांदा तुम्हाला बाधतो ना, म्हणून."

"मीठ?" मास्तर मटकन ओटीवर बसले. जेवणाच्या कांद्याला मीठ चोळून त्याचा उग्रपणा काढायचा, हे त्यांच्या आईपासून चालत आलेलं. बिचारीला काय ठाऊक!

पण राग शांत बसू देईना. खरंच मिठानं झालं का, हे बघायला त्यांनी ताजा कांदा कापला, साल काचेवर ठेवली. गुलाबी रंग काठोकाठ. मग मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि डोळा लावला. बघता बघता रंग भिंतीपासून सुटू लागला, आकसत गेला, त्याचा गोळा झाला. आणि त्या गोळ्याला स्वच्छ, रेखीव काठ होता.

"चिमा! इकडे ये! बघ!"

तिनं पदर सावरून डोळा लावला. "भिंत दिसते. आणि आत पिशवी आहे वाटतं, पातळशी."

"पडदा तो! तोच पडदा! मिठानं आतलं पाणी ओढलं आणि तो भिंतीपासून सुटला!" मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. आप्पांनी जे मागितलं होतं, तेच दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, आणि मास्तरांनीच त्याला बिघडलंय म्हटलं होतं. पुस्तकातलं चित्र पाठ नसतं, तर बोलण्याआधी त्यांनी जरा नीट पाहिलं असतं.

ते पेटी उचलून तसेच निघाले. वाटेत पेटीसाठी येणारा धाकू भेटला, तोही मागोमाग आला. आप्पा झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. मास्तरांनी धापा टाकत सगळं सांगितलं. मीठ, गोळा, पडदा. जीवशास्त्राचा वर्ग, मुलं, सगळं एका दमात.

आप्पांनी अडकित्ता थांबवला. "दुपारी तुम्हीच म्हणालात, हे बिघडलंय. मी तुमच्यावर विश्वास ठेवला. आता तेच खरं म्हणताय. उद्या तिसरं म्हणाल."

"एकदाच बघा, आप्पा. एकदाच."

"बघितलं ओ मी. तुमच्याआधी मीच बघितलं." त्यांनी धाकूला खूण केली.

आणि ते खरं होतं. पेटी धाकूच्या डोक्यावर चढली आणि बंदराच्या वाटेला लागली.

घरी चिमानं पान वाढलं. भाकरी, आमटी आणि दुपारच्या त्याच कांद्याची दही घालून कोशिंबीर. मास्तर खाली मान घालून जेवत राहिले.

"कोशिंबिरीत मीठ बरोबर आहे ना?" तिनं भीतभीत विचारलं.

मास्तरांचा घास हातातच थांबला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सकाळीसुद्धा बरोबरच होतं."