एकाच पेटीचा बारकोड

मरे हॅस्लेटने बुटांचं दुकान बंद केलं तेव्हा आमच्या यारबीना गावात कुणी हळहळलं नाही. लोक आधीपासूनच पोर्ट ऑगस्टाला जाऊन बूट घ्यायचे. व्हाल्मा, म्हणजे त्याची बायको, त्याच्या आदल्याच हिवाळ्यात गेली होती. मुलगा पर्थला. तो नाताळात फोन करायचा आणि पाच मिनिटांत ठेवायचा. दुकानात उरले हॅलोरन कंपनीचे कामाचे बूट, छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्या मधोमध मरे.

मुलाने एक काम मात्र केलं. ऑनलाइन बाजारात बापाचं खातं उघडून दिलं. तेव्हापासून मरे रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पेट्या घेऊन माझ्याकडे यायला लागला. गावातलं पोस्ट म्हणजे मी, एक वजनकाटा आणि एक कुरकुरणारा पंखा. त्यामुळे मलाही बरं वाटायचं.

पण गेलेल्या पेट्या परत यायला लागल्या.

"मरे, बूट पाठवतोयस की बूमरँग?" मी विचारलं.

"अगं, ब्रूम गावची एक बाई आहे, बेरिल. नवऱ्यासाठी नऊ नंबर मागवले, तर म्हणे अकराचे गेले. काय झापलं मला! शिव्या संपल्यावर मग नवऱ्याच्या संधिवातावर बोललो. तासभर."

प्रत्येक पेटीत तो स्वतःचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकायचा, दुकानात टाकायचा तशीच. चिडलेली माणसं फोन करायची, आणि हा पठ्ठ्या त्यांना गप्पांना लावायचा. डार्विनचा एक गवंडी, टाऊन्सव्हिलची एक नर्स. सगळ्यांच्या कुंडल्या तो माझ्या काउंटरवर मांडायचा. धंद्याचं वाटोळं होत होतं आणि मरेच्या गालांवर रंग चढत होता.

मग एक दिवस तो रिकाम्या हातांनी आला. बाजारवाल्यांनी कळवलं होतं: चुकीचा माल जाणं थांबलं नाही तर खातं बंद.

"खातं गेलं तर मी सकाळी उठून करू काय, ग्लेनिस?" तो म्हणाला. त्याने ते हसत म्हटलं नाही, म्हणून मी रविवारी दुकानात गेले.

"दाखव कसं करतोस ते," मी म्हटलं.

काउंटरवर एक रिकामी पेटी होती, कडा झिजलेली. नऊ नंबर, तपकिरी. मरेने काळे अकरा नंबरचे बूट काढले, आणि बारकोड वाचायचं यंत्र मात्र त्या रिकाम्या पेटीवरच्या रेघांवर टेकवलं. टुक.

"हे काय केलंस?"

"भाव सगळ्यांचा एकच ना! व्हाल्मा आणि मी जन्मभर हीच पेटी टुक करत आलो. शिडीवर कोण चढणार दर वेळी? गल्ल्याला काय फरक पडतो?"

"गल्ल्याला नाही पडत, बाजाराला पडतो, बाबा. प्रत्येक मापाला, प्रत्येक रंगाला कंपनीने वेगळा बारकोड दिलाय. तू ही पेटी दाखवलीस की तो तुझ्या बुटांना तपकिरी नऊचंच पान लावतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं तेच येणार."

"पण मी खाली 'अकरा, काळे' असं लिहितो की!"

"ते कोण वाचतं? त्याला फक्त रेघा कळतात."

मरे त्या पेटीकडे बघत राहिला. तिने दगा दिला असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग आम्ही कामाला लागलो. मी शिडीवर, तो खाली. कितीतरी पेट्यांवर व्हाल्माने किमतीच्या चिकटपट्ट्या नेमक्या बारकोडवर डकवल्या होत्या. निलगिरीच्या तेलाने त्या सोडवाव्या लागल्या. तिच्या हातचे गोल गोल आकडे. मरे एकेक पट्टी न फाडता काढायचा आणि काउंटरच्या कडेला लावून ठेवायचा. एका पेटीवरच्या रेघा पार पुसल्या होत्या. "शेजारच्या पेटीचा टाकू?" त्याने विचारलं. "खबरदार! कंपनीला फोन कर," मी म्हटलं. असे आमचे बरेच रविवार गेले. मधे चहा, बिस्किटं, आणि माझी कटकट.

काम चोख झालं. एकही पेटी परत येईना. मी आपली शेखी मिरवत फिरत होते.

मरे मात्र आता पेट्या काट्यावर ठेवायचा, पावती घ्यायचा आणि जायचा.

"बेरिल काय म्हणते?" मी एकदा विचारलं.

"तिला बूट बरोबर बसले. आता कशाला फोन करेल?"

सरळ सांगितलं त्याने. त्याचं खातं वाचलं होतं, पण ज्यासाठी तो दाढी करत होता ते मीच मोडून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात तो दाढी न करताच आला. "रविवारी जेवायला ये," मी म्हटलं. "बघतो," म्हणाला. आला नाही. आमच्याकडे एकट्या माणसाला एकटा म्हणायचं नसतं, त्याला काहीतरी काम सांगायचं असतं. आणि खरं सांगू? मलाही त्या शिडीवरच्या रविवारांशिवाय करमत नव्हतं. नवरा सोडून गेल्यापासून माझ्या घरात दोन कप एका वेळी धुतले गेले नव्हते.

म्हणून मी त्याच्याच खात्यावरचे बूट मागवले. सहा नंबर.

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन आला आणि काट्यावर ठेवली.

"पत्ता तुझाच आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग मार शिक्का."

मी शिक्का मारला, संध्याकाळी माझीच पेटी मी घरी नेली आणि सकाळी काउंटरवरून त्याला फोन लावला.

"मरे, बूट चावतात. तक्रार आहे माझी."

"पेटीवरचे आकडे वाच."

मी वाचले.

"बारकोड बरोबर आहे. सहा मागवलेस, सहा पाठवले." मग म्हणाला, "तुझा पाय साडेसातचा आहे, ग्लेनिस. मला वाटलं कुणाला भेट देणार असशील."

"नाही."

"मग सहा का मागवलेस?"

गावात कुणाचंही तोंड बंद करेन अशी माझी ख्याती. पण मी नुसतं पेटीचं झाकण उघडलं आणि लावलं.

"तक्रार करता यावी म्हणून," मी म्हटलं. "दुसरं काही सुचलं नाही मला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तक्रार फोनवर घेत नाही आम्ही," मरे म्हणाला. आवाज धड नव्हता त्याचा. "बूट घेऊन ये. आत्ता ये."

रांगेत बिल भरायला म्हातारा कॉलिन उभा होता. त्याला उद्या यायला सांगितलं आणि पोस्टाला कुलूप लावलं.